वरच्या डेकवरचे दोन ग्लास

शेवंतीबाई परबांना बोटीवर बिनखिडकीच्या खोलीत राहावं लागलं ते दारूपायी, आणि बाईंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखलेला नव्हता.

त्याचं झालं असं. त्यांच्या मुलाने, सौरभने, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी क्रूझ बुक केली. सौरभ एसी विकणाऱ्या कंपनीत होता. त्या वर्षी उन्हाळा भाजून काढणारा गेला, एसी धडाधड खपले आणि त्याच्या हातात घसघशीत बोनस पडला. तो, बायको दीप्ती आणि आई, तिघांसाठी एकच केबिन घेतली होती, समुद्राकडे भली मोठी खिडकी असलेली. शेवंतीबाईंनी भांडुपच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगून टाकली. खिडकीचंही सांगितलं.

मग ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. ड्रिंक पॅकेज घ्या सर, अनलिमिटेड आहे, एकदाच पैसे भरा आणि हवं तितकं प्या. सौरभने ताबडतोब हो म्हटलं. त्यावर एजंटने हळूच नियम सांगितला. एका केबिनमधल्या एकाने पॅकेज घेतलं, की त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ते घ्यायलाच पाहिजे. नाहीतर एक जण विकत घेणार आणि बाकीचे त्याच्या जिवावर पिणार, अशी कंपनीला भीती.

"अहो, माझी आई पीत नाही," सौरभ म्हणाला.

"पण सिस्टिममध्ये त्या ॲडल्ट आहेत ना सर," एजंट म्हणाला.

सौरभने आणि दीप्तीने रात्रीच्या जेवणानंतर आकडेमोड केली. आईचं पॅकेज, त्यावरचा टॅक्स, सर्व्हिस चार्ज, असं सगळं धरलं तर त्यापेक्षा खालच्या मजल्यावरची एकट्याची आतली केबिन स्वस्त पडत होती. ऑफरच होती तशी. बेरीज-वजाबाकी झाली आणि त्यात आई वजा झाली.

"आई, चालेल ना तुला? झोपायलाच तर जायचंय तिथे," सौरभने विचारलं. विचारताना त्याने फोनमधून मान वर केली होती, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"चालेल की," शेवंतीबाई म्हणाल्या.

'चालेल की' हे त्यांचं आयुष्यभराचं उत्तर. देवगडाकडून लग्न होऊन आल्या तेव्हा लालबागला चाळीतल्या एका खोलीत सासू, दोन दीर आणि नवरा, चालेल की. गिरण्यांचा संप झाला, नवऱ्याची नोकरी गेली, भांडुपला डोंगरउतारावर पत्र्याची खोली घ्यावी लागली, चालेल की. नवरा, जयवंत, साकीनाक्याला एका वर्कशॉपवर वॉचमन लागला. बाईंनी तिथल्याच कामगारांना दुपारचे डबे द्यायला सुरुवात केली. भात, चपात्या, आमटी, एक भाजी आणि बुधवारी मासे. सौरभचं शिक्षण, लग्न, आताचा हा फ्लॅट, सगळ्याच्या तळाशी ते डबे आहेत. एखाद्या कामगाराला भात कमी पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात मूठभर जास्त जायचा. त्याला अनलिमिटेड म्हणायचं असतं, हे बाईंना कधी सुचलं नाही.

जयवंत मात्र संपानंतर मिटला तो मिटलाच. आधी हसरा माणूस होता, म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की सौरभने तो पाहिलाच नाही. सौरभला बापाचा आवाज आठवतो तो ओरडताना. मार्क कमी पडले म्हणून, नळ उघडा राहिला म्हणून, कशासाठीही. कॉलेजात असताना एकदा चारचौघांत थोबाडीत बसली, आणि त्यानंतर बापलेकांचा संवाद 'जेवायला बसा' आणि 'दार लावून घ्या' एवढ्यावर आला. जयवंत वारला तेव्हा सौरभने सगळे विधी नीट केले, एकही राहू दिला नाही. पण त्याचे डोळे कोरडे होते. ते कोरडे डोळे शेवंतीबाईंच्या मनाला तेव्हा लागले ते लागलेच.

त्यांना क्रूझचं अप्रूप होतं ते यासाठी. पूर्वी कोकणातून मुंबईला आगबोट यायची. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्या जयवंतबरोबर तिच्यात चढल्या होत्या. त्या प्रवासात जयवंत त्यांच्याशी काही बोलला होता. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, सासूला नाही, बहिणीला नाही. आता त्यांना ते सौरभला सांगायचं होतं. नाहीतर बाप त्याच्या डोक्यात तसाच राहून जाणार होता, ओरडणारा, हात उगारलेला. घरी का नाही सांगितलं, असं कुणी म्हणेल. घरी टीव्ही चालू असतो, फोन चालू असतात, आणि असलं काही बोलायची त्या घराला सवय नव्हती. चपात्या लाटता लाटता सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हे. समुद्रावर, समोर देवगडचा किनारा दाखवून, मुलगा शेजारी उभा असताना मात्र ती सांगता आली असती. इतकंच हवं होतं बाईंना. त्यासाठी त्या बिनखिडकीच्या खोलीत काय, मालाच्या गोणींवरही झोपल्या असत्या.

बोट संध्याकाळी सुटली. सौरभ सामान टाकून थेट बारवर गेला आणि पहिल्याच ग्लासाला त्याचं डोकं फिरलं. बिलावर ग्लासाची किंमत शून्य, पण खाली सर्व्हिस चार्ज.

"म्हणजे ग्लास फुकट आणि आणून देण्याचे पैसे?" त्याने बारवाल्याला विचारलं. "मग मी पॅकेजमध्ये काय घेतलं, वास?"

बारवाला रोज हेच ऐकत असावा. तो हसला आणि त्याने पुढचं सांगितलं. चांगल्या ब्रँडला पॅकेज लागू नाही. ताज्या फळांच्या रसाला नाही. पाण्याच्या बाटलीला नाही. सगळ्यात वरच्या डेकवरच्या बारला तर अजिबात नाही, तिथे प्रत्येक ग्लासाचे पूर्ण पैसे, वर सर्व्हिस चार्ज. सौरभ तणतणला, मॅनेजरला बोलवा म्हणाला, मॅनेजर येऊन गोड बोलून गेला. मग सौरभ शांत झाला, आणि ते जास्त वाईट. कारण त्याने मनाशी ठरवलं होतं, की आता हे वसूल करायचं. फसवलं गेल्याचं आपल्याकडे कुणाला फारसं वाटत नाही. वसूल झालं नाही, की मात्र झोप लागत नाही.

इकडे शेवंतीबाई खाली आपल्या खोलीत चांगली साडी नेसून, केस विंचरून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. 'मी जेवायला बोलवायला येतो' असं सौरभ म्हणाला होता. भिंतीवर खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र लावलेलं होतं. बाईंना भूक लागली होती, पण घरचे बसल्याशिवाय आपण जेवून घ्यायचं, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी कधी पडलीच नव्हती. शिवाय इथे कुठे जेवतात, पैसे पडतात का, कुणाला विचारायचं? फोनला रेंज नाही, आणि बोटीचं वायफाय विकत. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. पाहुण्यासाठी पाणी भरून ठेवलंय, चांगली रीत आहे, असं म्हणत त्यांनी एक बाटली संपवली. तेवढ्यात खोली आवरणारा माणूस टॉवेल द्यायला आला. घामाघूम झाला होता बिचारा. त्याला त्यांनी दुसरी दिली. तो नको नको म्हणत होता. बाईंनी ऐकलं नाही.

शेवटी दीप्ती धावत आली. "सॉरी आई, मला वाटलं सौरभने तुम्हाला नेलं, त्याला वाटलं मी नेलं." दीप्ती वाईट नव्हती. बाईंच्या बीपीच्या गोळ्या तिच्याच पर्समध्ये असायच्या. ती त्यांना जेवायला घेऊन गेली, पण सौरभ बारवरून उठला नाही. तिथेच काहीतरी चघळत बसला. बाटल्यांचं त्याला कळलं तेव्हा मात्र तो ओरडला, "आई, ते विकत होतं गं!"

"पाणी?" शेवंतीबाईंनी विचारलं.

त्या क्षणी तो अगदी जयवंतसारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी बोट गोव्याला लागली. दीप्ती ओळख झालेल्या एका बाईबरोबर खरेदीला उतरली. सौरभ उतरला नाही. खाली उतरलं की तेवढा वेळ पॅकेज फुकट जाणार. तो सकाळपासूनच बारवर बसला. वसुलीत त्याला तीन सोबतीही मिळाले होते, एक बोरिवलीचा, दोन घाटकोपरचे. तिघांचीही पॅकेजबद्दल तीच तक्रार आणि तोच उपाय.

शेवंतीबाई एकट्याच जिने चढत वरच्या डेकवर गेल्या. इथल्या बारला पॅकेज चालत नसल्यामुळे तिकडे चिटपाखरू नव्हतं. नितेश नावाचा चाळिशीतला वेटर टेबलं पुसत होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, जिने चढून दमल्यावरचं त्यांचं 'गे बाय माझे' ऐकलं आणि सरळ विचारलं, "काकी, तुमी खंयच्या?"

"देवगडची रे. तू?"

"वेंगुर्ल्याचो."

मग काय. बाईंना दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बोलायला मिळालं. नितेशच्या आईचे गुडघे, त्याच्या मुलीची दहावी, यंदाचा आंबा, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "परत जाताना देवगड दिसतला काय रे?"

"संध्याकाळी दिसतला. लांबून. डोंगराची रेघ दिसतली, नि काळोख पडाक लागलो की दीपगृह. तुमी ह्या बाजूक बसा. सगळे पलीकडे सूर्यास्ताचे फोटो काढूक जातत, हयसर कोण नसता."

बोट दुपारी गोव्याहून निघाली. ऊन उतरल्यावर शेवंतीबाई खाली बारवर गेल्या आणि त्यांनी सौरभच्या खांद्यावर हात ठेवला.

"सौरभ, चल ना वर. देवगड दिसणार आहे. तुला काहीतरी सांगायचंय."

"आलोच आई, पाच मिनिटं. तू हो पुढे." बोरिवलीवाल्याने "नमस्ते माताजी" म्हटलं, आणि चौघेही उगाचच हसले.

त्या पुढे झाल्या. पलीकडच्या कठड्याला माणसांची झुंबड, फोन उंचावलेले. या बाजूला त्या एकट्या. समुद्रापलीकडे निळसर रेघ होती खरी. ती देवगडची की आणखी कुठली, सांगता येत नव्हतं, पण नितेशने दुरूनच मान हलवली, की हीच. सौरभ येणार नाही असंच बाईंनी धरून ठेवलं होतं. आपणच कशाला हे खूळ डोक्यात घेतलं, असंही त्यांना वाटून गेलं.

आणि तो आला. जिन्याचा कठडा धरत, जरा तिरका तिरका, पण आला. शेजारच्या खुर्चीत धपकन बसला आणि नितेशला म्हणाला, "भाऊ, मला एक व्हिस्की. आणि आईला मोसंबीचा रस. ताजा, डब्यातला नाही."

"साहेब, हयसर पॅकेज चालणा नाय. पैसे पडतले," नितेशने बजावलं.

"पडू दे रे. आईसाठी आहे."

नितेशने दोन ग्लास आणले, सौरभने बोटीवरच्या खर्चाचं कार्ड यंत्राला टेकवलं आणि खुर्चीच्या फटीत सोडून दिलं. बाईंनी ते उचलून आपल्या पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी रेघेकडे बोट केलं.

"ते बघ. तिथून मी आणि तुझे बाबा बोटीत चढलो. लग्नाला चारच दिवस झालेले. नवरा म्हणजे काय असतो ते मला ठाऊक नव्हतं, त्यांचं तोंडसुद्धा मी धड पाहिलं नव्हतं. आणि बंदर सुटलं तशी मला बोट लागली. ओकून ओकून जीव जायची वेळ आली. वर आईची आठवण. मी आपली ओकतेय आणि रडतेय. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुझ्या बाबांनी माझं कपाळ धरलं. सगळ्यांसमोर, रे. त्या काळी! लग्नातला नवा सदरा अंगावर होता, त्याच्याच बाहीने माझं तोंड पुसलं. आणि मला म्हणाले, 'तुका घराक जावचा आसा काय? रडां नको. पुढच्या बंदरात उतरूया, मी तुका परत नेऊन सोडतंय. तुझ्या बापाशीक मी सांगान, चूक माझी.'"

सौरभने मान वळवून त्या रेघेकडे पाहिलं.

"तेवीस वर्षांचा पोरगा होता तो. बायको परत सोडून आला असता तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती त्याला. तरी म्हणाला. मी नाही म्हटलं, नाही जायचं मला. त्या रात्री मी ठरवलं, की या माणसाबरोबर काहीही चालेल. आणि मग सगळं चालवून घेतलं. तू पाहिलास तो नंतरचा, रे. गिरणी गेली तिथे तो मोडला. पण मुळात तो असा होता. हे तुला ठाऊक असायला हवं."

सौरभने ग्लास खाली ठेवला. आणि मग चाळिशीला आलेला तो माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. "आई, मी त्यांच्याशी बोललोच नाही गं," म्हणाला. "शेवटी हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला. मला कुणी सांगितलंच नाही असं काही." शेवंतीबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. दूर दीपगृह लागलं. डोळे कोरडे असलेला तो मुलगा इतक्या वर्षांनी ओला झाला होता, आणि बाईंना वाटलं, झालं, आपलं काम झालं, आता आपण मोकळ्या.

थोड्या वेळाने तो उठला. "जरा पडतो गं," म्हणाला, आणि कठडा धरत जिना उतरून गेला. बाईंनी रस सावकाश संपवला. त्या रात्री त्यांना त्या बिनखिडकीच्या खोलीत लागली तशी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सकाळी बोट मुंबईला लागली. उतरण्याआधी खोल्यांची बिलं चुकती करायची होती आणि काउंटरपुढे हीऽऽ रांग. दीप्ती म्हणाली, की सौरभचं कार्ड सापडत नाहीये. बाईंनी पर्समधून काढून दिलं. सौरभचे डोळे सुजलेले होते. बाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, काही बोलतो का म्हणून. तो म्हणाला, "डोकं भयंकर दुखतंय यार."

बिल हातात पडलं आणि तो खवळला. सर्व्हिस चार्जची तर रांगच होती. त्यावर त्याने वाद घातला आणि नाइलाजाने सोडून दिला. पण खालच्या दोन ओळींवर त्याने बोट आपटलं.

"हे काय? अप्पर डेक? एक व्हिस्की, एक फ्रेश मोसंबी? मी तिकडे गेलोच नाही मॅडम. तिथे पॅकेज चालत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलंय, मी कशाला तडमडायला जाईन तिकडे? आणि मोसंबी? मी जन्मात मोसंबीचा रस पीत नाही!"

"सर, तुमचंच कार्ड टॅप झालंय."

"काल संध्याकाळी मी बारवरून उठलो तो सरळ केबिनमध्ये जाऊन झोपलो. हिला विचारा."

"हो," दीप्ती म्हणाली, "मी आले तेव्हा हा झोपलेलाच होता."

शेवंतीबाई मागे उभ्या होत्या. आधी त्यांना वाटलं, की हा पैशांसाठी खोटं बोलतोय. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. व्हिस्की नाही, मोसंबी नाही, देवगड नाही, बाप नाही. बाईंनी समोरची सूटकेस घट्ट धरली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मग वेटरने चुकीचं बिल लावलं असेल. तुम्ही तक्रार लिहून द्या सर, हे काढून टाकतो. त्याच्या पगारातून कापतील."

"द्या, लिहून देतो. लुटायला बसलेत साले."

सांगता आलं असतं. तू होतास, तूच मागवलंस, असं म्हणता आलं असतं. मग तो म्हणाला असता, मी? मग काय झालं? काय बोललो आपण? आणि इथे, या रांगेत, मागे बोरिवलीवाला आणि पुढे कॅल्क्युलेटर, बाईंना ते सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. जयवंतची ती बाही, ते कपाळ. एकदा सांगायला त्यांना एक अख्खा जन्म लागला होता. पुन्हा त्यांच्याच्याने झालं नसतं.

"लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "ते मी घेतलं."

"मोसंबी ना? मग व्हिस्की कुणाची?"

"तीही मीच मागवली. तुझं कार्ड माझ्याकडे राहिलं होतं ना."

दीप्तीने तोंडावर हात ठेवला, काउंटरवरची मुलगी हसली, बोरिवलीवाला "माताजी, क्या बात है!" म्हणाला, आणि सौरभ, डोकं दुखत असूनही, पोट धरधरून हसला. एवढा मोकळा हसताना त्याला बाईंनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. जयवंत हसायचा तसा, अगदी तसा. त्याने तक्रारीचा कागद परत केला, पैसे भरले आणि आईच्या खांद्याभोवती हात टाकला.

"आई, तू म्हणजे कमाल आहेस यार. एकटीच बसलेलीस वर?"

"हो रे. एकटीच होते."

"मग हाक मारायचीस ना गं मला. मी आलो असतो ना कंपनी द्यायला."

"बरं," शेवंतीबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी मारीन."